पायलट ऑफिसर आणि इतर नाहीशा झालेल्या गोष्टी

मित्राची काळी ट्रंक. पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटनं नाव, नावाआधी हुद्दा. हुद्द्याच्या जागी बोट फिरवलं की खडबडीत लागतं, कारण तिथे रंगाचे थर आहेत. सगळ्यात वर 'फ्लाइट लेफ्टनंट'. उजेड तिरपा पडला की त्याखालचा 'फ्लाइंग ऑफिसर' दिसतो. त्याच्याही खाली, जास्त जपून काढलेल्या अक्षरांत, 'पायलट ऑफिसर'. पुढेही बढत्या झाल्या, पण तोवर घरात सुटकेस आल्या होत्या आणि ट्रंकेत रजया गेल्या होत्या.

पायलट ऑफिसर हा हुद्दा आता हवाई दलात कुणाला मिळत नाही. दुंडिगलच्या अकादमीतून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी थेट फ्लाइंग ऑफिसर होते. ज्या नावानं आमच्या मित्राची पहिली ओळख झाली, ते नाव त्या रंगाखाली तेवढं शिल्लक आहे.

माझा मित्र गेला. आधी लढाऊ विमानं, मग प्रवासी विमानं, मग आजारपण. तो किती चांगला वैमानिक होता हे मला सांगायचं आहे आणि ते सांगता येत नाही, कारण ज्या गोष्टींवर त्याचा हात बसला होता त्या एकेक करून जगातूनच गेल्या. सुताराचं काम दाखवायला दार तरी उरतं. याचं सगळं काम हवेत झालं आणि ज्या यंत्रांनी झालं ती भंगारात किंवा चौथऱ्यावर. म्हणून त्या नाहीशा झालेल्या गोष्टींची ही यादी.

मीटर गेज. दुंडिगल हैदराबादच्या बाहेर आहे. जालन्याहून तिकडे जायचं तर मनमाड–काचीगुडा लाइन, निजामाच्या राज्यात पडलेली. परभणी, नांदेड, निजामाबाद करत गाडी निघायची. त्याची माय फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. चटणी अकादमीत पोचायची, धपाटे नांदेडलाच संपायचे. पासिंग आऊट परेडला आईवडील त्याच गाडीनं गेले. वडील धोतर-टोपीत, परेडच्या मैदानावर सगळ्यात ताठ बसलेले तेच, असं तो सांगायचा. नव्वदच्या दशकापासून रूळ रुंद होत गेले. ती छोटी गाडी आमच्या पिढीबरोबर संपली.

अकादमीपर्यंत तो पोचला कसा, याला कारण तेव्हाच्या औरंगाबादची, आताच्या संभाजीनगरची, एक संस्था. १९७७ साली राज्य सरकारनं तिथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. आम्ही सगळे तिला एसपीआय म्हणतो. दहावीनंतर मुलं निवडायची, दोन वर्षं अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घ्यायची. ज्या घरात कुणी सैन्यात नाही, ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, त्या घरातल्या मुलासाठी एनडीएचं दार उघडणारी मराठवाड्यात दुसरी जागा नव्हती. ही संस्था सुदैवानं नाहीशी झालेली नाही. उलट २०२३ पासून मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली. या यादीत ती बसत नाही, तरी तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं मला जमत नाही.

पी.ए.बी.टी. वैमानिक होण्याआधीची परीक्षा. पडद्यावर हलणारा ठिपका, हातात दांडा, पायाखाली दोन पेडल. हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतात का, एवढंच बघायचं. आयुष्यात एकदाच देता यायची. नापास झालात की हवाई दलात बाकी सगळं करा, विमान उडवायचं नाही. त्या यंत्राच्या जागी आता संगणक आला, एकदाच हा नियम तसाच राहिला. मित्र पास झाला. तो म्हणायचा, विहिरीवर बैल हाकताना कासरा हातात आणि लक्ष पाटाच्या पाण्याकडे असायचं, त्याचा फायदा झाला. मोट तर परीक्षेच्या यंत्राआधीच गेली.

आता मिग. यावर थोडं थांबायला हवं.

मिग-२१ भारतात आलं १९६३ मध्ये, चंदीगडला. त्याला निरोपही चंदीगडलाच दिला, २६ सप्टेंबर २०२५ रोजी. बासष्ट वर्षं. आठशेहून जास्त विमानं हवाई दलानं वापरली आणि त्यातली बरीचशी आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. द्राक्षाच्या बागांच्या पलीकडून मिग उठताना बघत वाढलेल्या दोन पिढ्या निफाड-दिंडोरीकडे आहेत.

त्याचे पंख लहान आणि त्रिकोणी. वर गेल्यावर हे पंख सुरीसारखे हवा कापतात, पण खाली येताना त्यांना वेग लागतो. वेग कमी केला की विमान तरंगत नाही, बसतं. त्यामुळे धावपट्टीकडे यायचं ते ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, नाक उचललेलं, आणि त्या नाकानं समोरचं दिसणं कमी केलेलं. चाकं टेकली की शेपटीजवळून पॅराशूट उघडायचं, नाहीतर धावपट्टी पुरत नाही. मित्र हे हातानं दाखवायचा. बोटं जुळवलेला तळहात टेबलाच्या कडेकडे यायचा, बोटांची टोकं वर, मनगट खाली. टेबलाला मनगट आधी लागायचं, मग सावकाश बोटं. मनगट टेकण्याच्या आधी हात अगदी किंचित थांबायचा. सगळी कला त्या थांबण्यात होती. ते मी पुष्कळदा पाहिलं आणि माझ्या हाताला कधी जमलं नाही.

"कामून रे, भीती नाही वाटत?" असं मी विचारलं होतं. म्हणाला, "वाटते ना. पण खाली आल्यावर, जीपमध्ये बसल्यावर."

या विमानाचे चारशेहून अधिक अपघात झाले. वर्तमानपत्रांनी त्याला उडती शवपेटी म्हटलं. हा शब्द त्याला आवडत नसे, आणि त्याचं कारण मला पटतं: ज्या आईचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात बसणार आहे, तीही पेपर वाचते. पण शब्द आवडत नाही म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला पुण्याच्या फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळचं मिग-२१ रात्रीच्या उड्डाणात पडलं आणि तो गेला. चूक वैमानिकाची, असं म्हटलं गेलं तेव्हा त्याच्या आईनं, कविता गाडगीळ यांनी, ते मान्य केलं नाही. पती अनिल गाडगीळ यांच्याबरोबर वर्षानुवर्षं त्या यंत्रणेशी बोलत राहिल्या, भांडत राहिल्या. पुढे दोघांनी मुलाच्या नावानं पुण्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली. माझ्या मित्राला मिगचा अभिमान होता आणि कविताताईंबद्दल आदर होता. या दोन गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी राहत. मला वाटतं, ज्यानं ते विमान खरोखर उडवलं त्यालाच हे शक्य होतं.

तार. लढाऊ वैमानिकाच्या घरात पोस्टमन तार घेऊन आला की आधी कुणी हात पुढे करत नसे. त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या अडत दुकानाचा नंबर, पुढे कंसात पी.पी. दुकानातला पोऱ्या हाक मारायला आला तर निदान पोराचा आवाज ऐकू येण्याची शक्यता होती. तारेत ती नव्हती. एकदा तार आली ती बहिणीला मुलगा झाल्याची. मायनं ती वाचून घ्यायच्या आधीच जमिनीवर बसकण मारली होती. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. मायच्या डोक्यावरचं एक ओझं गेलं, असं तो म्हणाला. तोवर तो मिग सोडून कधीच प्रवासी विमानांकडे गेला होता.

नकाशे. मिगच्या दिवसांत कागदी नकाशावर पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेवर मिनिटांच्या खुणा करायच्या, नकाशा घडी घालून मांडीवर पट्ट्यानं बांधायचा. खाली रेल्वे फाटक दिसलं, घड्याळ बघ. नदीचं वळण आलं, घड्याळ बघ. प्रवासी विमानात गेल्यावर कागद वाढले: प्रत्येक विमानतळाची पानं, ती बाइंडरमध्ये, बाइंडर चौकोनी काळ्या बॅगेत. ठरावीक दिवसांनी नवी पानं यायची. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर तो जुनी काढून नवी लावत बसायचा, मुलगी पंच पुढे करायची. जुन्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं गणितं सोडवली. आता सगळं टॅबलेटवर आहे. ती बॅग जड असायची, वैमानिकांचे खांदे त्यानं एका बाजूला झुकलेले असत. टॅबलेट बरा, यात शंका नाही.

पण वरून ओळखायची एक खूण गेली तिचं दुःख वेगळं. मुंबईहून नागपूरला जाताना आकाश मोकळं असेल तर तो आपला भाग शोधायचा. जालना शहराजवळ घाणेवाडीचा तलाव, मग कुंडलिकेची रेघ, मग अंबडच्या दिशेला करड्या जमिनीवर काळपट हिरवे चौकोन. त्या मोसंबीच्या बागा. एवढ्या उंचीवरून त्या कुणालाही दिसतील असं नाही, पण कुठं बघायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या दिसत. त्यातलीच एक त्यांची, विहिरीच्या बाजूची. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या आधी २०१२-१३चा दुष्काळ येऊन गेला होता. टँकरनं पाणी घालून लोकांनी झाडं जगवायचा प्रयत्न केला, आणि मग कुऱ्हाड हातात घेतली. मोसंबीचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात, ते तोडायला काही मिनिटं. त्यांचीही बाग गेली. लाकूड वीटभट्टीला गेलं. नंतर एकदा तो त्याच मार्गानं गेला आणि घरी फोन करून एवढंच म्हणाला, "आपलं गाव सापडलं नाही."

कापसाच्या गाठी. जालन्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधून दाबलेल्या गाठींचे ट्रक निघतात ते आम्ही लहानपणापासून बघतो. अशाच एका ट्रकनं विमानांच्या इतिहासात जागा घेतली. २६ एप्रिल १९९३, भर दुपार. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला निघालं. विमान भरलेलं, हवा तापलेली. तापलेली हवा विरळ असते आणि पंखांना कमी उचलते. धावपट्टी संपते तिथे पुढे बीडचा रस्ता, रस्त्यावर गाठींनी भरलेला ट्रक. विमान उशिरा उचललं गेलं, चाक आणि इंजिनाचा भाग गाठींना लागला, पुढे ते विजेच्या तारांत सापडलं आणि शेतात पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांची चूक सांगितली गेली आणि त्याबरोबर हेही सांगितलं गेलं की विमान उडताना त्या रस्त्यावरची वाहतूक अडवायला हवी होती, ती अडवली जात नव्हती.

मित्र तेव्हा हवाई दलात होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला तिथे नेलं. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभा राहून रस्त्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, मग गप्प उभा राहिला. मला त्यानं त्या दिवशी शिकवलं की अपघाताचं कारण विचारताना 'कोण' हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी हवा, मग वजन, मग लांबी, मग रस्ता, मग माणूस. आज संभाजीनगरला जालना रोडवरून विमानतळाकडे वळणाऱ्या तरुणांना त्या दुपारचं काही ठाऊक नसतं. त्या पंचावन्न लोकांची आठवणही या यादीत घालावी लागते आहे.

इंडियन एअरलाइन्स. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन सुरू झाली, २००७ मध्ये एअर इंडियात मिसळली. उड्डाणाच्या क्रमांकाआधीची 'आयसी' ही अक्षरंही पुढे गेली. ट्रेमध्ये गोळ्या आणि कानात घालायला कापूस. हवाई सुंदरीच्या हातातल्या त्या ट्रेमधला कापूस बघून त्याच्या वडिलांनी विचारलं होतं, हा आपल्याकडचा का?

आणि एक आवाज. हवाई दलातून प्रवासी विमानांत आलेल्या कॅप्टनचा, उद्घोषणेतला. शब्द मोजके, वाक्य पूर्ण, घाई नाही. ती पिढी आता निवृत्त होते आहे. त्या पिढीतल्या एका मराठी माणसाचं नाव सगळ्या देशानं एका रात्रीत ऐकलं.

विंग कमांडर दीपक वसंत साठे. वडील लष्करात, भाऊ लष्करात असतानाच गेलेला, आईवडील नागपूरला. एनडीए, मग दुंडिगल. १९८१ साली तिथून बाहेर पडताना सन्मानाची तलवार मिळवलेली. मिग-२१ उडवलं, एचएएलमध्ये विमानांची चाचणी घेतली, २००३ मध्ये हवाई दल सोडलं, एअर इंडिया आणि मग एअर इंडिया एक्स्प्रेस. दहा हजारांहून अधिक तासांचं उड्डाण.

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ. करोनामुळे अडकलेल्यांना घेऊन दुबईहून कोळिकोडला आलेलं विमान, १९० माणसं. डोंगर कापून सपाट केलेल्या माथ्यावरची धावपट्टी, मुसळधार पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा चालून बंद पडला. विमान पुन्हा वर गेलं, दुसऱ्या टोकानं आलं, वारा पाठीमागून. चाकं टेकली तोवर जवळपास अर्धी धावपट्टी मागे गेली होती. पुढे दरी. विमानाचे तुकडे झाले, आग लागली नाही. दोघेही वैमानिक, साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार, आणि एकोणीस प्रवासी गेले. कोंडोट्टीची माणसं साथीच्या दिवसांत, पावसात, हातानं लोकांना बाहेर काढत होती आणि रात्री रक्त द्यायला रांगेत उभी होती. साठे यांच्या आईचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

वर्षभरानं अहवाल आला. त्यानं म्हटलं की विमान नीट स्थिर झालेलं नसताना उतरणं चालू ठेवलं, सहवैमानिकानं पुन्हा वर जायला सांगूनही. मित्रानं तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, पेन्सिल हातात घेऊन. मला वाटलं होतं तो साठे यांची बाजू घेईल. त्यानं अहवाल नाकारला नाही. चिकलठाण्याच्या कुंपणापाशी शिकवलेल्या क्रमानंच बोलला: पाऊस, वायपर, वारा, धावपट्टी, दिवसभराचा थकवा, दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाची काळजी, मग माणूस. म्हणाला, "शेवटी कॅप्टनच. त्याचे पट्टे त्याचसाठी असतात." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "पण मी त्यांना सलामच करणार." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मरणानंतर माणसाला एकतर वीर करायचं नाहीतर दोषी, ही आपली सवय आहे. तिच्यापासून तो लांब राहिला, आणि त्याच्याविषयी लिहिताना मलाही तसंच राहायचं आहे. त्याच्याही हातून चुका झाल्या असतील. त्यानं त्या खाली आल्यावर सांगितल्या, कारण हवाई दलात तशी शिस्त होती: उड्डाणानंतर सगळे बसायचे आणि आधी आपलं चुकलेलं सांगायचं. ती शिस्त त्यानं घरातही आणली होती. मुलीला ती आवडत नसे. आता ती तिच्या ऑफिसात तेच करते.

लॉगबुक. जाड पुठ्ठ्याची, आडवी वही. तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, सोबत कोण, काम काय, दिवसा किती, रात्री किती. रात्रीचं उड्डाण लाल शाईनं. महिन्याअखेरीस बेरीज, खाली वरिष्ठाची सही. काही सह्या एका महिन्यानंतर थांबतात आणि दुसऱ्याच माणसाची सही सुरू होते. बदली झाली असेल असं मी समजत होतो. त्यातल्या एका पानावर त्यानं बोट ठेवलं होतं आणि मान हलवली होती.

आता नोंदी ऑनलाइन होतात. त्या अचूक असतात, त्यांवर चहाचा डाग पडत नाही. या वह्यांचं काय करायचं हे त्याच्या बायकोनं विचारलं. वहिनींचं म्हणणं, कुणाला उपयोग असेल तर द्या. हवाई दलाकडे त्यांच्या नोंदी आहेतच. कंपनीकडेही आहेत. मी सुचवलं की मुलीनं ठेवाव्यात आणि एक वही, मिगची, एसपीआयच्या मुलांना बघायला द्यावी. मुलगी म्हणाली, देऊ, पण आधी बेरजा तपासते. ती सध्या रोज रात्री एक पान करते आहे. जून ८८ मध्ये तिला दहा मिनिटांचा फरक सापडला आहे. वडिलांनी स्वतःची दहा मिनिटं कमी धरली होती.